मनगटावर तीन बोटं

भिलाईचं नाव निघालं की रशियाचं निघतंच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत युनियनशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि दुर्गच्या शेजारी, भाताच्या मुलखात, नावांऐवजी आकडे मिरवणाऱ्या सेक्टरांचं शहर वसलं. कारखाना उभारायला आलेले रशियन अभियंते केव्हाच मायदेशी गेले. दोस्तीची खूण म्हणून मैत्रीबाग राहिली. तिथे लोक आता पांढरे वाघ बघायला जातात. मात्र एका रशियनाचं काम भिलाईत आजही तिन्ही पाळ्यांत चालतं आणि त्याचा पोलादाशी काडीचा संबंध नाही.

निकोलाय कोरोत्कोव्ह हा लष्करी सर्जन. रशिया-जपान युद्धात रोहिण्या फाटलेले कितीतरी जखमी त्यानं पाहिले. फाटलेली रोहिणी बांधून टाकली तर पुढचा हात किंवा पाय जगेल का, हे आधी कळावं म्हणून तो रक्तवाहिन्यांवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत बसे. त्या ऐकण्यातूनच १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यानं रक्तदाब मोजायची पद्धत मांडली. टिपण जेमतेम पानभराचं. इटलीच्या रिव्हा-रोच्चीनं हवा भरायचा पट्टा १८९६ मध्येच आणला होता, पण तेव्हा नाडीवर बोट ठेवून फक्त वरचा आकडा मिळे. कोरोत्कोव्हनं कोपराच्या खोबणीत कान लावला. पट्टा सैल होताना ठोके कुठे सुरू होतात आणि कुठे विरतात, हे ऐकलं आणि खालचा आकडाही हाती आला.

भिलाईतल्या एका रुग्णालयाच्या हृदयविभागात काम करणाऱ्या सिस्टर नव्या मुलींना बीपी शिकवताना ही गोष्ट हमखास सांगतात. सिस्टर मूळच्या गोंदियाकडच्या. नागपूरला नर्सिंग केलं, लग्न होऊन दुर्ग स्टेशनवर उतरल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. घरात मराठी, वॉर्डात हिंदी, आणि खेड्यातून आलेल्या दाई किंवा बबाशी, म्हणजे आजी-आजोबांशी, छत्तीसगढ़ी. नव्या मुलींचा हात आपोआप मोजणाऱ्या यंत्राच्या बटणाकडे आधी जातो, याची त्यांना चीड आहे. यंत्राबद्दल त्यांची तक्रार नाही. पाऱ्याची यंत्रं गेली तेही बरंच झालं, फुटलेला पारा गोळा करायची कटकट तरी संपली. त्यांची तक्रार बटण दाबायच्या आधी जे करायचं राहून जातं त्याबद्दल आहे.

गेटवर स्कूटर लावून, जिना चढून, धापा टाकत आलेल्या माणसाचा दाब लगेच घ्यायचा नाही. पाच मिनिटं बसू द्यायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या उंचीवर. आणि मोजताना त्याच्याशी बोलायचं नाही, बोलण्यानंही आकडा चढतो. पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे ऐंशी टक्के भाग झाकेल एवढी हवी. रिव्हा-रोच्चीचा पट्टा फक्त पाच सेंटीमीटर रुंद होता; त्यामुळे दाब वाजवीपेक्षा जास्त दिसे. फोन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरनं १९०१ मध्ये ती चूक दाखवून पट्टा रुंद केला. शंभर वर्षांपूर्वी सुटलेला हा प्रश्न आजही वॉर्डात रोज नव्यानं निर्माण होतो, कारण मोठा पट्टा कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या पाळीच्या इनचार्जकडे. मिलमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांचे दंड जाड असतात. मधल्या मापाच्या पट्ट्यानं त्यांतल्या एखाद्याला उगाचच गोळी सुरू होते.

हे सगळं पुस्तकात असतंच. सिस्टरचं खरं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. एकट्या आकड्याला काही सांगता येत नाही, असं त्या म्हणतात. शंभर-साठ हा दाब एखाद्या सडपातळ मुलीचा रोजचा असतो. तोच दाब काल दीडशे-नव्वद असलेल्या माणसाचा आज निघाला, तर धावायला हवं. मग ‘नॉर्मल’ असं चार्टवर लिहिणारी परिचारिका नक्की कशाशी तुलना करून लिहिते? पुस्तकातल्या माणसाशी, की खाटेवरच्या याच माणसाच्या मागच्या तासाशी?

भिलाईच्या मे महिन्यात ही तुलना फार अवघड होते. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. पहिल्या पाळीतून सुटलेला पन्नाशीचा कामगार कॅज्युअल्टीत येतो तो चालत. सोबत मेहुणा. तक्रार विचारली तर पोटावर हात ठेवून म्हणतो, “छाती मा पीरा नइ हे सिस्टर, गैस हो गे हे.” छातीत दुखत नाही, गॅस झालाय. त्याला घाम आहे. पण घाम तर मेहुण्यालाही आहे, वॉचमनला आहे, खुद्द सिस्टरनाही आहे. अशा वेळी ‘घाम येतोय’ या लक्षणाचं करायचं काय?

सिस्टर बोलता बोलता त्याचा हात हातात घेतात. उन्हाच्या घामाखालची कातडी गरम असते, नाडी भरलेली असते. हृदयाचं काम बिघडलं की शरीर कातडीचं रक्त काढून मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं. रक्तवाहिन्या आखडतात आणि घाम तर येतोच. म्हणून तो घाम गार असतो, चिकट असतो. त्या बोटाचं नख दाबतात, पांढरं होऊ देतात, सोडतात. गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. तीन, चार सेकंद लागले तर पुढचे प्रश्न चालत चालत विचारायचे. दुखणं कधी सुरू झालं, काम करताना की बसल्या बसल्या, जबड्यात जातं का, डाव्या हातात जातं का, साखरेची गोळी चालू आहे का. मधुमेह असलेल्यांना, म्हाताऱ्यांना आणि बायकांना छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. त्यांना नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, हा जगभरचा दंडक आहे. ती दहा मिनिटं पेशंट खाटेवर झोपल्यापासून मोजायची नसतात, दारातून आत आला तेव्हापासून मोजायची असतात. नोंदणीच्या खिडकीपुढची रांगही त्यातच आली.

ईसीजीचा कागद निघाला आणि खालच्या भिंतीचा झटका दिसला, म्हणजे दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये रेघ वर उचललेली असली, की सिस्टर छातीच्या उजव्या बाजूलाही लीड लावून दुसरा कागद काढून ठेवतात. डॉक्टर मागणारच असतात. उजवा कप्पा बाधित असेल तर जिभेखालची नायट्रेटची गोळी दाब एकदम पाडू शकते. म्हणून अशा पेशंटला घरून आणलेली ‘छातीची गोळी’ मेहुण्यानं परस्पर दिली आहे का, हा प्रश्न कागदाइतकाच महत्त्वाचा.

परिचारिकेनं इतकं पुढे जाऊन काही करावं, हे कायम मान्य नव्हतं. १९६० च्या आसपास झटका आलेला पेशंट सर्वसाधारण वॉर्डात पडून असे आणि ठोके अचानक बिघडले तर डॉक्टरला बोलावून आणेपर्यंत सगळं संपलेलं असे. १९६१ मध्ये ब्रिटनच्या डेस्मंड जुलियन यांनी अशा पेशंटांना एका जागी ठेवून सतत लक्ष ठेवावं, असं सुचवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तसे विभाग निघू लागले. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर हे डॉक्टर आणि रोझ पिनिओ या परिचारिका यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. खाटेपाशी चोवीस तास असतं कोण? परिचारिका. मग ठोक्यांची रेघ तिनं वाचायची आणि वेळ आली तर विजेचा झटकाही तिनंच द्यायचा. त्यांचं परिचारिकांसाठीचं पुस्तक १९६५ साली आलं. हृदयविभागातल्या सिस्टर आज जे सहज करतात, त्यासाठी कुणीतरी तेव्हा वाद घातलेला आहे.

आणि तरी मॉनिटरवर सगळा भार टाकू नये, हे भिलाईला वेगळं सांगावं लागत नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्यातल्या पाण्याच्या पंपहाउसमध्ये बिघाड झाला, झोतभट्टीचा गॅस पसरला आणि सहा जणांचे प्राण गेले. कितीतरी जणांना रुग्णालयात हलवावं लागलं. झोतभट्टीच्या गॅसमध्ये पाव हिश्शाच्या जवळपास कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला असा चिकटतो की प्राणवायूला जागाच उरत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाशावरून हिशेब करतो आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात प्राणवायू भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच भासतं. म्हणून माणूस गुदमरत असताना पडद्यावर अठ्ठ्याण्णव टक्के झळकू शकतात. डोकं ठणकतंय, उलटी झाली, गोंधळल्यासारखं बोलतोय, छाती भरून आली आणि आकडा मात्र झकास! असा कामगार कारखान्यातून आला तर आकड्याकडे पाठ फिरवून आधी मास्कनं भरपूर प्राणवायू लावायचा, ईसीजी काढायचा आणि रक्त कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्राकडे तपासायला पाठवायचं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-दीड तास.

तांबूस-सावळ्या, काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर जरा चढं दाखवतो, हेही अलीकडे अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवून दिलं. छत्तीसगढ़मध्ये ही माहिती बिनकामाची नाही. फिकेपणा, निळेपणा शोधायचा तर चेहऱ्यावर शोधून उपयोग नाही. पापणीच्या आत, जिभेवर, हिरड्यांवर, तळहाताच्या रेषांत बघायचं. त्यात इथे आणि विदर्भात सिकलसेलही बराच. रक्त कमी असलं की हृदय वर्षानुवर्षं जास्तीचं पंप करत राहतं, मोठं होतं, त्यातून वाहणाऱ्या रक्ताचा आवाजही ऐकू येतो. दम लागलेल्या तरुण बाईला ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवणं म्हणूनच सोपं जातं. क्वचित एखादीच्या बाबतीत मूळ दुखणं झडपेचं निघतं.

अशी एक, दुसऱ्या खेपेची गरोदर, रायपूर रस्त्यावरच्या खेड्यातून आली होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, हे तिच्या आईला आठवत होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. नाडी अनियमित. अशा नाडीचे पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चारनं गुणणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. पूर्ण मिनिट मोजावं लागतं. सिस्टरनी एका मुलीला छातीवर स्टेथोस्कोप ठेवायला सांगितलं, स्वतः मनगट धरलं आणि एकाच घड्याळाकडे बघत दोघींनी मोजलं. हृदयाचे ठोके एकशे अठ्ठावीस, मनगटावर शंभर. मधले अठ्ठावीस ठोके पडत होते, पण त्यांत मनगटापर्यंत पोचण्याइतकं रक्तच नव्हतं. मॉनिटरवरच्या एका आकड्यातून ही तफावत दिसत नाही, त्याला चार कान-हात लागतात. डॉक्टरांनी इको केला, आखडलेली मायट्रल झडप सापडली. अशा पेशंटला पुढे दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं बारा लाख युनिटांचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते इतकं दुखतं की बायका तारीख चुकवतात. सिस्टरनी काही जणींच्या तारखा तीज-पोळ्याशी जोडून दिल्या आहेत. तारीख विसरते, सण कुणी विसरत नाही.

पायांकडे मात्र बहुतेकांचं लक्षच जात नाही. हे राज्य तेंदूपत्त्याचं आणि बिडीचंही. तिशी-पस्तिशीचा पुरुष अंगठ्याच्या न भरणाऱ्या जखमेसाठी ड्रेसिंग रूमच्या चकरा मारत असतो. त्याला चालताना पोटरी किती पावलांवर भरून येते, थांबल्यावर मोकळी होते का, रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्यावर बरं वाटतं का, हे विचारलं की चित्र बदलतं. पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी हाताला लागत नाही. लिओ बर्गरनं १९०८ साली वर्णन केलेला हा आजार तंबाखूवर पोसला जातो आणि बिडी पूर्ण सुटल्याखेरीज कोणतंही औषध त्याला थोपवत नाही. ज्याच्या पायात नाडी कष्टानं सापडते, त्याच्या पावलावर सिस्टर पेनानं छोटी फुली मारतात. रात्रीच्या मुलीनं अंधारात चाचपडायचं कशाला? शिवाय फुलीपाशी संध्याकाळी होती ती नाडी पहाटे नसेल, तर ‘मला सापडत नाहीये’ अशी पळवाट राहत नाही. जांघेतून अँजिओग्राफी झालेल्यांनाही हीच फुली. त्यांची नाडी सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी पाहायची, जांघेत गाठ येते का ते हातानं बघायचं, आणि कंबर दुखते म्हणाला तर पडून राहिल्यानं दुखत असेल असं समजायचं नाही. रक्त मागच्या बाजूला, पोटाच्या पोकळीमागेही साचू शकतं.

सूज पाहण्याची इथली सगळ्यात भरवशाची खूण कोणत्याही पुस्तकात नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या पायात चांदीचे तोडे असतात, गळ्यात सुता नावाचा दागिना. “दाई, तोडा कधीपासून रुततोय?” या प्रश्नाला तारखेसकट उत्तर मिळतं, कारण नातवाच्या बारशाला तो सैल होता हे तिला पक्कं ठाऊक असतं. मग नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबायचा आणि खळगा किती वेळ राहतो ते बघायचं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पायांवर सूज अनेकदा नसते, ती माकडहाडापाशी उतरते. कूस वळवल्याशिवाय दिसत नाही. मानेतली फुगलेली शीर बघायला पाठ पंचेचाळीस अंशांत टेकवावी लागते, सुता बाजूला सारावा लागतो. या कामासाठी सिस्टर दाईची परवानगी घेतात आणि पडदा ओढतात. घाईत असलेले डॉक्टर या दोन्ही गोष्टी विसरतात, असं त्या हसत म्हणतात. हसण्याआड थोडा राग असतो.

मिठाचा विषय मात्र त्यांना सहज सोडवता आला नाही. इथे उन्हाळ्यात बोरे-बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा आणि सकाळी कांदा, मिरची, मीठ लावून खायचा. भट्टीसमोर घामानं निथळणाऱ्या माणसाला पाणी आणि मीठ दोन्ही हवं असतं, त्याला हे खाणं उत्तमच. राज्य सरकारनं २०२२ च्या कामगार दिनी लोकांना बासी खायचं आवाहन केलं होतं, त्यात या अन्नाचा मान राखला गेला. पण हृदय थकलेल्या दाईच्या शरीरात तेच मीठ पाणी धरून ठेवतं. ‘बासी बंद’ असं सांगून टाकणारा आहारतक्ता त्यांनी आधी वाटून पाहिला. दाईनं मान हलवली, घरी गेली, बासी खात राहिली. पंधरवड्यात धापा टाकत परत आली. आता त्या सून किंवा मुलगा यांच्यापैकी जो भात वाढतो त्याला समोर बसवतात. बासी चालेल, वरून मीठ नको, लोणचं आणि पापड नको, लिंबू पिळा. आणि बासीतलं पाणी दिवसभराच्या पाण्याच्या हिशेबात धरा. हा शेवटचा मुद्दा कुणाच्याच लक्षात येत नाही.

पाळी बदलताना त्यांचा हँडओव्हर लांबतो, यावरून सहकारी त्यांना चिडवतात. चार नंबर, व्हायटल्स स्टेबल, एवढ्यावर त्या थांबत नाहीत. चार नंबर: दुपारी दोनला दाब एकशे तीस, चारला एकशे अठरा, सहाला एकशे दहा, तिन्ही आकडे सुटे बघितले तर ठीक, ओळीनं बघितले तर उतरण. दोनला पाय गरम होते, सहाला गुडघ्याखाली गार. लघवी तासाला चाळीसवरून वीस मिलीलीटरवर. वजन साठ किलो, म्हणजे तासाला निदान तीस तरी हवी. शांत होता, आता चादर ओढतोय, उठून बसतोय. दाब पडण्याआधी शरीर मूत्रपिंडाचं आणि कातडीचं रक्त कापतं. लघवीची पिशवी आणि पायाचा तळवा हे मॉनिटरच्या आधी बोलतात. डॉक्टरांना फोन करतानाही त्या ‘पेशंट बरा वाटत नाहीये’ असं म्हणत नाहीत. दोनचे, चारचे, सहाचे आकडे सांगतात. रात्री झोपेतून उठलेल्या माणसालाही तीन आकड्यांची उतरण समजते.

घरी सोडताना हाच हिशेब त्या एका वहीत उतरवून देतात. सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहाआधी, तशाच हलक्या कपड्यात वजन. वजनकाटा नसेल तर रोज एकाच ठिकाणी, मग तो रेशन दुकानाचा असो की आरोग्य केंद्राचा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रात्री उशा एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, तर तेही लिहायचं.

बालोदकडच्या एका दाईचा मुलगा अशी वही ठेवतो. शाळा सातवीपर्यंत, पण आकडे सुवाच्य. एका शनिवारी त्याचा फोन आला. बुधवारी अठ्ठेचाळीस, आज साडेपन्नास, तोडा रुतू लागलाय, काल रात्री दाई बसूनच झोपली. दम फारसा नाही, म्हणाला, जेवलीही नीट, सोमवारी बाजाराला यायचंच आहे तेव्हा आणू का? सिस्टरनी दुपारची बस किती वाजता आहे ते विचारलं आणि येताना पाण्याच्या गोळीचं पाकीट सोबत आणायला सांगितलं, किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजता यावं म्हणून.